घड्याळ बघितल्याशिवाय

१३ जुलै, रविवार
विक्रोळी

दादा,

सगळ्यात आधी, हे पत्र फाडू नकोस. निदान अर्धं तरी वाच आणि मग फाड.

तू मला व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस, ठीक आहे. पण परवा बघितलं तर पेमेंटच्या अॅपवर पण! यार, तिथे काय मी एक रुपया पाठवून त्याच्याखाली तुला शिव्या लिहिणार होते? (हो. तोच प्लॅन होता.) शेवटी राहिलं पोस्ट ऑफिस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही ना! बोरिवलीचा पत्ता कुठून मिळाला विचारू नकोस. तुझं लग्न झाल्याचं जिथून कळलं तिथूनच.

माझं मराठी लिहिणं तुला माहितीये. आपल्या शाळेत मराठीच्या तासाला बाई पीटीला पाठवायच्या. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघून हसू नकोस.

आता न्यूज. आई इंग्लिश शिकतेय. माझ्याकडे!

झालं काय, तिला जूनमध्ये नवीन पेशंट मिळाला. मुलुंडला, मधुकरकाका, वय एक्याऐंशी. आठ ते आठ, दिवसाची ड्युटी. रात्रीला माधुरीमावशी असते. काका एकदम गोड आहेत, फक्त गुडघे गेलेत. त्यांची मुलगी अनुपमाताई टोरांटोला असते आणि तिला रोजचा रिपोर्ट फोनवर लागतो, तोपण इंग्लिशमध्ये. तिचा नवरा तिकडचाच आहे, डॉक्टर. त्याला मराठी येत नाही आणि रिपोर्ट तोपण वाचतो.

आधीच्या पेशंटच्या वेळी हे सगळं तू करायचास. आई जेवणाच्या सुट्टीत फोन करायची, 'आकाश, लिही रे,' आणि तू ती सांगेल ते टाइप करून द्यायचास. आता मी करते. मला आवडतं रे खूप. टीवायला इंग्लिश घेऊन बसलेय त्याचा कोणाला तरी उपयोग होतोय.

आणि तुला माहितीये, त्या रिपोर्टमध्ये निम्मं काम वेळेचं असतं. किती वेळ झोपले, कधीपासून खोकतायत, कधीपर्यंत बसले. म्हणून मी आईला पहिला धडा दिला, 'सिन्स' आणि 'फॉर'. म्हटलं, आई, सिन्स म्हणजे खिळा. भिंतीत एका जागी ठोकलेला. सिन्स मॉर्निंग, सिन्स मंडे. आणि फॉर म्हणजे दोरी, किती लांब ते. फॉर टू अवर्स, फॉर थ्री डेज.

आई पोळी लाटत होती. म्हणाली, "म्हणजे खिळ्याला दोरी बांधायची."

यार दादा, आमच्या मॅडमना हे सुचलं नसतं.

बरं, ऐक. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झालाय. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, यंदा अंबादासकाका वाचतात. त्यांचा चष्मा तोच जुना, दोन पानं एकदम उलटतात आणि कोणाला कळत नाही. सगळ्या बायका विचारतात, आकाश कुठंय. तू वाचायचास तेव्हा त्या माना खाली घालून ऐकायच्या, आता मोबाईल बघतात.

समारोप पाच ऑक्टोबरला, रविवारी ठेवलाय. त्या दिवशीची खीर आपल्या घरची आहे, आईने नाव दिलंय.

तू ये ना. एवढंच सांगायचं होतं.

तुझी
प्रियू


३ ऑगस्ट, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परत पण आलं नाही! म्हणजे कोणीतरी घेतलंय. गंधालीवहिनी, तुम्ही वाचत असाल तर हाय.

आईची प्रगती सांगते. इंग्लिश लोकांनी वेळेचे किती प्रकार केलेत रे! पंधरा दिवसांना वेगळा शब्द, दहा वर्षांना वेगळा. दहा मिनिटांवर घर असेल तर 'टेन-मिनिट वॉक', म्हणजे रस्तापण मिनिटांत मोजतात. मी एक वही केलीये, त्यात असले सगळे शब्द जमवते. आईला रोज पाच देते.

आईचा निकाल असा.

'इन फाइव्ह मिनिट्स' तिला आधीच येत होतं. "कामावर पाठवणारे ब्यूरोवाले रोज म्हणतात, बदलीची बाई, रिलीव्हर कमिंग इन फाइव्ह मिनिट्स. त्याचा अर्थ दीड तास."

'फॉर एजेस' तिला आवडलं नाही. "युगं? काका दहा मिनिटं खोकले. युगं कशाला लिहू?"

म्हटलं, अगं, ते फक्त बोलायला.

"मग बोलू दे त्यांना. मी नाही."

आमचं खरं भांडण 'थोडा वेळ'वरून झालं. आई फोनवर सांगते, थोडा वेळ खुर्चीत बसले, थोडं चालले, जरा पडले. मी म्हटलं, आई, डॉक्टरला थोडा वेळ चालत नाही. आकडा दे. वीस मिनिटं, दोन तास, काहीतरी.

"घड्याळ बघितलं नाही."

"अंदाजे सांग ना."

"अंदाजे पेशंटला गोळी देतात का?"

"अगं पण चालण्याचं अंदाजे चालतं."

"नाही चालत," आई म्हणाली. "काकांचा हात धरला होता मी. हात धरला की घड्याळ बघता येत नाही. घड्याळ बघितल्याशिवाय लिहायचं नाही."

मी बरं म्हटलं.

रिपोर्ट एकदम झकास जातायत. अनुपमाताईने काल लिहिलं, 'एक्सलंट, सो प्रिसाइज.' मी आईला अर्थ सांगितला तर ती लाजली. पहिल्यांदा कोणीतरी तिला इंग्लिशमध्ये शाबासकी दिली.

पाच ऑक्टोबर. लक्षात आहे ना?

प्रियू


३१ ऑगस्ट, रविवार

दादा,

घाईत लिहितेय. आई दोन-तीन दिवस घरीच आहे. काही नाही, जरा दमलीये. काळजी करू नकोस.

धडे सध्या बंद आहेत. विहारात जाते ती, पण मागे बसते आणि वाचन संपायच्या आधी उठून येते.

तू फोन केलास तर तिला बरं वाटेल. मला नको करूस, तिला कर. नंबर तोच आहे, तिने तुला कधीच ब्लॉक केलं नाही.

प्रियू


२ सप्टेंबर, मंगळवार

दादा,

परवा मी खोटं लिहिलं. आई दमलेली नाही. तिची ड्युटी गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

आकडे मी टाकत होते. पहिल्या आठवड्यापासूनच. आई म्हणायची थोडं चालले, मी लिहायचे, वॉक्ड फॉर ट्वेंटी मिनिट्स. आई म्हणायची जरा बसले, मी लिहायचे, सॅट फॉर टू अवर्स. मला वाटायचं, नुसतं 'थोडा वेळ' लिहिलं तर ते लोक समजतील बाईला काही येत नाही. आकडा असला की कसं, शिकलेलं वाटतं. आई मेसेज पाठवायची, खाली तिचं नाव असायचं. द्रौपदी. आत काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. तिचा माझ्यावर विश्वास होता.

तिकडे डॉक्टर जावयाने हिशोब केला. रोज वीस मिनिटं चालतात, म्हणजे आता वाढवू. मागच्या गुरुवारी नवा फिजिओवाला आला, काकांना खाली लॉबीत घेऊन गेला, म्हणाला आज चाळीस. पंधराव्या मिनिटाला काकांचे गुडघे वाकले आणि ते खाली बसले. नशीब, फक्त मनगट मुरगळलं. आईने मागून धरलं होतं म्हणून डोकं वाचलं.

मग अनुपमाताईने घरातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. वीस मिनिटं कुठेच नाहीत, एकाही दिवशी नाहीत. तिने आईला व्हिडिओ कॉल केला. "द्रौपदीबाई, दोन महिने खोटं लिहिलंत? माझ्या बाबांबद्दल?"

आई काय म्हणाली माहितीये? "माझ्या फोनवरून गेलंय. खाली माझं नाव आहे. चूक माझी." बास. माझं नाव काढलंच नाही तिने.

घरी आली, चप्पल काढली, आणि मला विचारलं, "वीस मिनिटं कुठून आली?"

मी म्हटलं, "चांगलं दिसतं म्हणून."

"कोणाला?"

दादा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कुकर लावला.

मी तेव्हापासून एकच गोष्ट आठवतेय. तो मागच्या वर्षीचा एकवीस एप्रिल. गंधालीवहिनीचे आईबाबा पहिल्यांदा आपल्या घरी आले होते. तू त्यांना इंग्लिशमध्ये सांगितलंस, माझी आई वीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आई चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिला 'नर्स' आणि 'ट्वेंटी इयर्स' एवढंच कळलं, आणि ती हसत म्हणाली, "नाही हो, मी आया आहे. घरोघरी जाते, पेशंटचं सगळं करते. आणि वीस नाही, सतरा वर्षं."

त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. तुझा पण. ते गेल्यावर तू आईला म्हणालास, "तुला पाच मिनिटं गप्प बसता येत नाही?" आणि मी तुझ्या अंगावर ओरडले, की तुला आईची लाज वाटते, चालता हो. तू झालास.

लाज नव्हती रे ती. आता कळतंय. आपली आई लोकांना मोठी दिसावी असं तुला वाटत होतं. मलापण तेच वाटत होतं. तू तिची वर्षं वाढवलीस, मी तिची मिनिटं वाढवली. आणि दोन्ही वेळा वाट तिची लागली.

तुला चालता हो म्हणणारी मी होते, आई नव्हे. तिने तुला जा असं कधीच म्हटलं नाही. माझा राग आईवर काढू नकोस. सॉरी, दादा.

प्रियू


२१ सप्टेंबर, रविवार

दादा,

मी अनुपमाताईला फोन केला. तीन दिवस हिंमत जमवली आणि मग केला. सगळं सांगितलं, आकडे माझे, आईला माहीतपण नव्हतं. मग मी आईच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. तुला आठवते ना ती वही? हँडओव्हरची, लांबडी, जिच्यात ती स्वतःसाठी मराठीत लिहिते.

अनुपमाताईला मराठी येतं ना. तिने सगळी पानं वाचली. तीस जूनचं पान असं होतं: 'काका चालायला नको म्हणाले. हात धरून बाल्कनीत उभे राहिलो. कबुतराने कुंडीत अंडी घातलीत ती बघितली. काका म्हणाले उद्यापण बघू.' पुढच्या सगळ्या पानांवर ती कबुतरं होती. अंडी, मग पिल्लं, मग एक पिल्लू उडालं आणि काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. म्हणाली, "दोन महिने मी बाबा किती मिनिटं चालले तेवढंच वाचत होते. ते दिवसभर काय करतात हे मला आज कळलं." मग मला एक चांगला दमपण दिला. दिला ते बरंच झालं.

आई दहा तारखेपासून परत जातेय. काकांनीच हट्ट धरला म्हणे, द्रौपदी नाही तर बाल्कनी नाही. आता रिपोर्ट आई स्वतः लिहिते, स्वतःच्या इंग्लिशमध्ये. मी हात लावायचा नाही अशी अट आहे. बाबांचं मनगटी घड्याळ कपाटातून काढलं, नवा पट्टा लावला आणि ते घालून जाते. कालचा रिपोर्ट: 'स्टँडिंग बाल्कनी. इलेव्हन मिनिट्स. कर्ड राइस फुल. पिजन न्यू एग, वन.' तिकडचा डॉक्टर म्हणाला, हे चालेल.

पण पत्र मी ह्यासाठी लिहीत नाहीये.

आज सकाळी आई आंघोळीला गेली होती. तिची वही टेबलावर होती. मी शेवटचं पान उघडलं, कारण ती मागे स्पेलिंगची प्रॅक्टिस करते. प्रॅक्टिस होतीच, सिन्स, फॉर, अंटिल, सगळं पाच-पाच वेळा. त्याच्या खाली पट्टीने आखलेले रकाने होते, ड्युटीच्या रजिस्टरला असतात तसे. नाव, आऊट, इन, टोटल, रिमार्क.

नावात लिहिलंय, आकाश.

आऊटमध्ये, '२१ एप्रिल, ५.१३ पीएम'. त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'वॉल क्लॉक ५.२३. टेन मिनिट्स फास्ट.'

रिमार्कमध्ये, 'टी नॉट टेकन.'

इन आणि टोटल रिकामं.

आई बाहेर आली, केस पुसत. मी वही लपवायला पण विसरले. म्हटलं, "आई, त्या दिवशी एवढी भांडणं चालली होती, तू घड्याळ बघत होतीस?"

"बघितलं," ती म्हणाली. "घरातलं माणूस असो नाहीतर पेशंट, जाताना वेळ बघून ठेवायची. आल्यावर लागते."

मी मास्तरीणबाई ना, म्हटलं, "मग टोटल लिही की. किती दिवस झाले. फॉर लावून."

आईने वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. "ड्युटी चालू असताना टोटल लिहीत नाहीत, प्रियू. संपल्यावर लिहितात."

दादा, तुला त्या दिवशीचा चहा आठवतो का? भरलेला कप तसाच ठेवून गेला होतास, बाबांच्या फोटोखालच्या स्टुलावर. आईने तो दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलला नव्हता. साय धरली होती. मी ओतायला गेले तर म्हणाली, राहू दे.

पाच ऑक्टोबरला ये. नोकरीचं, लग्नाचं, हॉस्पिटलचं, काही बोलायला लागणार नाही. किती वाजता येतोस तेपण कळवू नकोस.

घड्याळ आई बघेल.

प्रियू


६ ऑक्टोबर, सोमवार

दादा,

माझा ब्लॉक काढलास, थँक यू, तुझे अकरा मेसेज आलेत. पण हे मला पत्रातच लिहायचंय. आता सवय झाली.

तू दारात उभा होतास ना, मागे गंधालीवहिनी डब्याची पिशवी घेऊन, आणि आई खिरीत ढवळता ढवळता वळली. मला वाटलं आता रडारड. तिने तुझ्याकडे बघितलं आणि मग सरळ भिंतीकडे बघितलं. तुला वाटलं ती तोंड फिरवतेय. मला दिसलं तुझं तोंड, एवढंसं झालं होतं. तुला पत्रात सगळं सांगितलं होतं तरी तुझी ट्यूब पेटायला वेळ लागला! मग तूपण वर बघितलंस आणि म्हणालास, "हे अजून पुढेच आहे?"

"दहा मिनिटं," आई म्हणाली.

झालं. दीड वर्षाचं भांडण एवढ्यावर मिटलं. मी इथे स्पीडपोस्टात लाइनी लावून मेले.

वहिनी चांगली आहे. विहारात खीर वाढताना पदर खोचून उभी राहिली. तिने आईला विचारलं, "आई, तुम्ही आया म्हणून काम करता तर दिवसभर नक्की काय काय असतं?" आणि आईने तिला सांगितलं पण, सगळं, डायपरपासून कबुतरापर्यंत. तू तिथेच बसला होतास. मान खाली घातली नाहीस. मी बघत होते.

आणि तू वाचलंस. अंबादासकाकांनी चष्मा काढून तुझ्या हातात ग्रंथ दिला तेव्हा तुझा आवाज पहिल्या दोन ओळी फाटला. मागच्या बायकांनी मोबाईल खाली ठेवले. आई पुढे बसली होती, आणि शेवटपर्यंत उठली नाही.

आज ती ड्युटीवर गेल्यावर मी वही काढली. वही ती मुद्दाम घरी ठेवून गेली, मला माहितीये. शेवटचं पान.

इन: '५ ऑक्टोबर, १०.०६ एएम.'

टोटल: '५३१ डेज, १६ अवर्स, ५३ मिनिट्स.'

मी कॅलेंडर घेऊन तीनदा मोजलं, दादा. एक मिनिट इकडेतिकडे नाही. दूधवाल्याच्या बिलामागे तिचा गुणाकार-वजाबाकीचा पसारा सापडला, महिन्यांना तीस-एकतीस लावून.

रिमार्क: 'टी टेकन, टू कप्स. खीर, थ्री टाइम्स. वेट लॉस. वाइफ गुड.'

त्याच्याखाली नवी ओळ आहे. आकाश. आऊट: '५ ऑक्टोबर, ७.४० पीएम.' आणि इनच्या रकान्यात लिहिलंय, 'संडे.'

पेन्सिलने लिहिलंय. आई न घडलेली गोष्ट पेनाने लिहीत नाही, तुला माहितीये. रविवारी लवकर ये. पेन मी काढून ठेवलाय.

प्रियू